पकड करणाऱ्याच्या गुडघ्याचं काय?

भाताची झोडणी उरकली की रोहा-पेण पट्ट्यात कबड्डीच्या सामन्यांना जोर चढतो. धाटावच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्या घरातल्या एखाद्या पोराने कोपरारक्षक म्हणूनच पुढे जायचं ठरवलं, तर घरच्यांनी हो म्हणावं का?

हो म्हणण्यासारखं बरंच आहे. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि पकडीलाही मोल आलं. 2018च्या लिलावात यू मुंबाने इराणच्या फझल अत्राचलीला 1 कोटी रुपयांना घेतलं. या लीगमध्ये कोटीचा आकडा सर्वांत आधी गाठला तो एका बचावपटूनेच. आपल्या कल्याणचा कोपरारक्षक गिरीश इरनाक त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेसाठी भारतीय संघात होता. शिवाय रेल्वे, भारत पेट्रोलियम यांचे संघ आहेत, राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे.

पण हा खेळ शरीराकडून काय वसूल करतो, तेही पाहायला हवं. कोपरारक्षक वाकून घोटा धरतो, तेव्हा सुटू पाहणारी टाच त्याच्या तोंडापासून वीतभर लांब असते. चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो, त्याच्या सगळ्या वजनाचा हिसका धरणाऱ्याच्या खांद्याला बसतो. मॅटवर बूट अडकून गुडघा पिळवटला आणि लिगामेंट फाटलं, की अख्खा मोसम गेला. टाळ्या मात्र चढाईपटूलाच जास्त.

श्रीमंत लीगमध्येही हे सुटलेलं नाही. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या आइस हॉकी लीगमध्ये खेळलेला बचावपटू स्टीव्ह माँटाडोर 2015 साली 35व्या वर्षी गेला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी जोडला जाणारा मेंदूचा आजार त्याला होता, हे मृत्यूनंतरच्या तपासणीत आढळलं. तिथे निदान तपासणी तरी झाली. आपल्याकडे खांदा निखळलेला पोरगा हळद लावून चौथ्या दिवशी पुन्हा मैदानात दिसतो, आणि त्यालाच आपण जिगर म्हणतो.

तरीही माझं मत होकाराचंच आहे. या पट्ट्यातल्या पोरांना अंगच्या कसबावर मान मिळवून देणाऱ्या वाटा फार नाहीत, त्यातली ही एक अडवू नये. फक्त आयटीआय किंवा कॉलेज अर्धवट सोडून कोणी लिलावाच्या भरवशावर राहू नये. आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना विनंती आहे: यंदा चषकाची उंची थोडी कमी करा, त्या पैशातून खेळाडूंचा अपघात विमा उतरवा आणि सामना संपेपर्यंत मैदानाच्या कडेला एक डॉक्टर बसवा.