होडीत बसवलेला कवी

चिनी पंचांगातील पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी होड्यांच्या शर्यती होतात. टोकाला ड्रॅगनचे मुख, वल्हेकऱ्यांकडे तोंड करून बसलेला ढोलवाला, आणि त्याच्या ठोक्यासरशी पाण्यात पडणारी वल्ही. इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात मिलुओ नदीत देह टाकणाऱ्या छू युआन या कवीच्या शोधार्थ लोकांनी होड्या हाकल्या, त्याची ही आठवण, अशी आख्यायिका आहे. विसाव्या शतकातील कवी-अभ्यासक वन यीदुओ याने मात्र उत्सव छू युआनहून जुना असल्याचे प्रतिपादन केले. म्हणजे कवी होडीत नंतर बसवला गेला. यात कवीचा अवमान मला तरी दिसत नाही. लय आधी देहांत होती; नाव तिला मागाहून मिळाले.

संतकाव्य शिकवताना आपण नेमके हेच विसरतो आणि अभंगाची अक्षरे फळ्यावर मोजत बसतो. जळगावच्या पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. रथाला ब्रेक नसतो. चाकाखाली मोगरी सारूनच तो थांबवायचा, वळवायचा. मोगरीवाल्याची नजर चाकावर, दोर धरणाऱ्यांचे कान जयघोषावर. ताल चुकला तर तिकडे होडी मागे पडते. इकडे कुणाचा तरी पाय चाकाखाली जाऊ शकतो. अशा ठिकाणी लयीला काव्याचा अलंकार म्हणणे हास्यास्पद आहे.

आषाढीच्या सुमारास महाविद्यालये नुकतीच उघडलेली असतात. छंदांचा पहिला तास घेण्यापूर्वी विद्यार्थ्यांना त्या दोराला हात लावायला पाठवावे. अभ्यासक्रमात त्याला गुण नाहीत, ही अडचण आहेच.