तांब्याच्या पाटीवरचे शिक्षण

सोलापूर हे नक्षीचे शहर आहे. येथील चादरीवरची नक्षी जॅकार्ड मागावर उमटते, ती पुठ्ठ्यांना पाडलेल्या छिद्रांच्या आज्ञेने. संगणकाच्या पूर्वजांत या मागाची गणना होते, ती याच कारणाने. अशा शहरातील अभियांत्रिकीचा विद्यार्थी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाजारातून तयार आणून सादर करू लागला, तर त्यास शिक्षण म्हणावे काय?

इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा कणा म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड. ऑस्ट्रियात जन्मलेल्या पॉल आइस्लर या अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये त्याचा पाया घातला. त्याचे तत्त्व सोपे आहे. तांब्याचा पातळ थर चढविलेल्या पाटीवर हवे तेवढे तांबे झाकायचे आणि उरलेले विरघळवायचे. घरी हेच अल्प खर्चात साधते. चकचकीत कागदावर लेझर प्रिंटरने आराखडा उलटा छापावा, इस्त्रीच्या उष्णतेने त्याची शाई तांब्यावर उतरवावी आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवावी. प्रिंटर नसल्यास पक्क्या शाईचे पेनही चालते. शेवटी एक मिलिमीटरच्या आसपासची छिद्रे पाडली की काम झाले.

यावर आक्षेप येतो, की आज याहून सुबक बोर्ड अल्प दरात मागविता येतात. ते खरेच आहे. बहुस्तरी व सूक्ष्म रचनेसाठी कारखान्यालाच पर्याय नाही. परंतु मागविलेला बोर्ड चूक दाखवीत नाही. रेघ कोठे तुटली, दोन रेघा कोठे चिकटल्या, हे स्वहस्ते केलेल्या पाटीवरच कळते आणि तीच चूक त्याच संध्याकाळी दुरुस्तही करता येते.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको. द्रावण प्लॅस्टिकच्या भांड्यातच ठेवावे. हातमोजे, चष्मा व खेळती हवा हवी. वापरलेल्या द्रावणात तांबे असते आणि ते जलचरांना घातक ठरते. म्हणून ते मोरीत वा गटारात कदापि ओतू नये. सिद्धेश्वर तलावाच्या शहराला हे वेगळे सांगावे लागू नये.

२०२५ मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत बहुस्तरी सर्किट बोर्डांचाही समावेश आहे. २०१६ पासून शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळाही उभ्या राहिल्या आहेत. पण अनुदानातून यंत्रे येतात, हात घडत नाहीत. प्रत्येक महाविद्यालयाने एक मेज, एक छोटे ड्रिल आणि टाकाऊ द्रावणाचा एक झाकणबंद पिंप एवढी सोय करावी. परीक्षकांनीही तोंडी परीक्षेत प्रकल्पातील एक रेघ विद्यार्थ्याकडून समोर नव्याने काढून घ्यावी. ज्याने पाटी स्वतः घडविली, त्याला त्याचे भय वाटणार नाही. आणि विणकराच्या घरातील मुलालाही पैशांअभावी या विद्येपासून दूर राहावे लागणार नाही.