चमचाभर तेल, अर्धा एकर तळं

कंपासपेटीतल्या पट्टीवरचं सगळ्यांत लहान घर एक मिलिमीटरचं. मग वहीच्या एका कागदाची जाडी कशी मोजणार? सोपं आहे. शंभर कागद घट्ट दाबून धरायचे. साधारण एक सेंटिमीटर भरतात. त्याला शंभराने भागलं की ०.१ मिलिमीटर, म्हणजेच १०⁻⁴ मीटर.

पण एखादा थर याहून हजारो पट पातळ असला तर? तसे शंभर थर रचले तरी पट्टीला पत्ता लागायचा नाही!

असा एक थर बेंजामिन फ्रँकलिन यांनी स्वतः पसरवला होता. हो, तेच ते, पतंग आणि विजेच्या प्रयोगाचे. लंडनजवळच्या क्लॅपम इथल्या तळ्यात एकदा वाऱ्याने लाटा उठल्या होत्या. वारा ज्या बाजूने येत होता, त्या काठावरून फ्रँकलिननी थोडं तेल पाण्यात ओतलं. जेमतेम चमचाभर! बघता बघता ते पसरत गेलं आणि सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखं गुळगुळीत झालं. १७७४ साली हा वृत्तांत छापूनही आला. पण फ्रँकलिन यांचं सगळं लक्ष लाटांकडे. तेल ओतून खवळलेला समुद्र शांत करता येईल का, हा त्यांचा प्रश्न. थराच्या जाडीचं गणित काही त्यांनी मांडलं नाही. ते आपण मांडू.

तव्यावर पळीभर पीठ जितकं पसराल, तितकं घावन पातळ. म्हणजे घनफळाला क्षेत्रफळाने भागलं, की जाडी मिळते. मात्र आधी सगळी मापं मीटरमध्ये हवीत.

एकराचे ४० गुंठे, अर्ध्या एकराचे २०. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. तेव्हा क्षेत्रफळ झालं २×१०³ चौरस मीटर.

तेल चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर, म्हणजेच ५ घन सेंटिमीटर. इथं सांभाळा बरं का! पुष्कळ जण घाईघाईने शंभराने भागून मोकळे होतात. एक सेंटिमीटर म्हणजे १०⁻² मीटर, हे खरं. पण घनाला लांबी, रुंदी, उंची अशा तीन बाजू. १०⁻² तीनदा घेऊन गुणायचं, म्हणजे १०⁻⁶. तेल झालं ५×१०⁻⁶ घनमीटर. नुसतं शंभराने भागलं असतंत, तर उत्तर दहा हजार पट चुकलं असतं!

आता भागाकार. ५ भागिले २, म्हणजे २.५. घातांकांची वजाबाकी करा: उणे ६ मधून ३ गेले, उणे ९. जाडी २.५×१०⁻⁹ मीटर! वहीच्या एका कागदाच्या जाडीत असे चाळीस हजार थर मावतील.

अर्थात चमचा काही मापाचा नव्हता, आणि अर्धा एकरही नजरेनंच ठरवलेला. म्हणून त्या २.५ वर फार विसंबू नका, उणे ९ वर विसंबा. चमचा दुप्पट मोठा असता, तरी जाडी ५×१०⁻⁹ च झाली असती. पुढे १८९० साली लॉर्ड रॅले यांनी तोलून घेतलेलं ऑलिव्ह तेल पाण्यावर पसरवलं. त्यांचा थर भरला सुमारे १.६×१०⁻⁹ मीटर. तेल पसरत पसरत अखेर एका रेणूइतकं पातळ होतं. म्हणजे चमचा आणि तळ्यावरून चक्क रेणूच्या लांबीचा अंदाज आला की!

आता तुमची पाळी. २.५×१०⁻⁹ मीटर जाडीने लिटरभर तेल पसरलं, तर किती एकर पाणी झाकेल? आधी घातांकांनी सोडवा, मग लिटरमध्ये किती चमचे बसतात ते मोजून ताळा करा. उत्तर पुढच्या अंकात.