गाडी झटके देतेय? आधी दोषी कॉइल शोधा, मगच बदला

सिग्नल सुटतो, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता आणि गाडी पुढे जाण्याऐवजी झटके देते. उभी असतानाही इंजिन थरथरतं, पिकअप मिळत नाही, पेट्रोल जास्त लागतं. मेकॅनिक म्हणतो, ‘गाडी मिसिंग करतेय, सगळ्या कॉइल बदलाव्या लागतील.’ हो म्हणण्याआधी थोडं थांबा.

मिसिंग म्हणजे काय?

इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, यालाच मिसिंग म्हणतात. पेट्रोल पेटवणारी ठिणगी स्पार्क प्लग देतो आणि त्यासाठी लागणारे हजारो व्होल्ट बॅटरीच्या १२ व्होल्टपासून तयार करते इग्निशन कॉइल. हल्लीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. त्यामुळे अनेकदा एकच कॉइल बिघडलेली असते. डिझेल गाडीत स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल नसतात.

दिव्याकडे लक्ष द्या

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर लवकर तपासणी करून घ्या. पण तो लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि सुरक्षित जागी गाडी थांबवा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि खराब होतो. त्याचा खर्च कॉइलपेक्षा कितीतरी जास्त असतो.

दोष कसा शोधायचा?

• स्कॅनर लावायला सांगा. पी०३०२ असा कोड आला तर दोष दुसऱ्या सिलिंडरमध्ये आहे. शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. पी०३०० आला तर मात्र मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही.

• इंजिन बंद आणि थंड असताना दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावायला सांगा. कोड पुसून गाडी चालवा. आता पी०३०३ आला, तर कॉइल खराब. पी०३०२च राहिला, तर प्लग, वायरिंग किंवा इंजेक्टर तपासा.

• प्लगच्या खाचेत पाणी किंवा ऑइल आहे का ते पाहा. पावसानंतर किंवा इंजिन धुतल्यावर पाणी शिरू शकतं. ऑइल असेल तर आधी गळती थांबवा, नाहीतर नवी कॉइलही टिकणार नाही.

• सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं. गाडी पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवरच मिसिंग करत असेल, तर प्लग किंवा कॉइल कमजोर झाल्याची शक्यता असते.

नवी कॉइल घेताना

जुन्या कॉइलवरचा पार्ट नंबर जुळवून घ्या. दिसायला सारखी म्हणून घेऊ नका. अधिकृत विक्रेत्याकडून, वॉरंटी लिहिलेलं पक्कं बिल घेऊनच खरेदी करा. फारच स्वस्त मिळाली तर ती नकली असू शकते. प्लग झिजले असतील तर तेही बदला, कारण झिजलेल्या प्लगमुळे कॉइलवर ताण येतो.

एकच कॉइल खराब असेल तर एकच बदला. गाडी बरीच चाललेली असेल आणि कॉइल एकामागून एक जात असतील, तर सगळ्या एकदम बदलणं सोयीचं. बदललेली जुनी कॉइल मागून घ्यायला विसरू नका, म्हणजे खरंच काय बदललं ते कळेल.