विकतचा ज्वालामुखी

२८ फेब्रुवारीला आपल्या तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन पाहायला गेलो होतो. शाळेचं नाव घेत नाही, कारण चित्र जवळपास सगळीकडे सारखंच आहे.

चौथीतल्या एका पोरीने ज्वालामुखी मांडला होता. बाबांनी नागपूरहून तयार आणलेला. सोडा टाकला, व्हिनेगर ओतलं, लाल फेस आला, टाळ्या पडल्या. मी विचारलं, "बेटा, खरा ज्वालामुखी कुठे असतो?" म्हणे, "जपानमध्ये." "आपल्याकडे कधी लाव्हा आला होता का?" पोरीने मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे. बाजूच्या टेबलावर अजून दोन ज्वालामुखी होते.

मित्रांनो, कळमेश्वरची काळी माती ही त्या लाव्हाचीच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरला, त्याचा काळा दगड झाला, दगड झिजून माती झाली. रस्त्यावर टाकतो ती गिट्टी म्हणजे तोच दगड. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी टाकळी भागात याच लाव्हाच्या थरांमधल्या गाळातून शंखांचे जीवाश्म शोधले. आणि आपली पोरगी लाव्हावर उभी राहून म्हणते, जपानमध्ये!

चूक पोरीची नाही. मॅडमचीही नाही. दोन शिक्षकांवर पाच वर्ग असले, वरून रोजची ऑनलाइन माहिती, फोटो, अहवाल, तर मुलांना घेऊन वावरात जायचं केव्हा? शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. कलम कागदावर आहे, शिक्षक मोबाईलवर आहे.

आणि आपण पालक काय मागतो? स्मार्ट बोर्ड. रोबोटिक्स. तिसरीपासून फाउंडेशन. पुस्तकाचं नाव 'परिसर अभ्यास' आणि त्यात परिसर सोडून सगळं पाठ! संत्र्याच्या बागेतलं पोट्टं सांगू शकतं की बाग ताणावर सोडली, पाणी तोडलं, की मग बहार फुटतो. पण काहून फुटतो, हे त्याला कोणी विचारत नाही. तोच तर विज्ञानाचा तास आहे! पेपरात मात्र विचारतात, वनस्पतीचे भाग लिहा.

कोणी म्हणेल, हे बोलायला सोपं आहे, सरकारी शाळेत होत नाही. आपल्याच रेल्वे लाइनवर, इटारसीच्या पुढे नर्मदापुरम, म्हणजे पूर्वीचं होशंगाबाद आहे. तिथे १९७२ मध्ये १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीची मुलं स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकू लागली. कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत गेला. २००२ मध्ये बंद पडला तो सरकारी आदेशाने, मुलांना जमत नव्हतं म्हणून नाही. तिसरी-चौथीला तर त्याहून कमी लागतं. एक भिंग, एक थर्मामीटर, मातीचे थर पाहायला काचेची बाटली, सावली मोजायला अंगणात गाडलेली काठी. स्मार्ट बोर्डच्या पैशात तालुक्यातल्या कितीतरी शाळांना हे पुरेल.

म्हणून फक्त शेअर करून थांबू नका. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ते सह्या करायला नसतात. पुढच्या बैठकीत दोन गोष्टी लिहून मागा. आठवड्यातून एक तास वर्गाबाहेर, आणि त्या तासाला शिक्षकाच्या मागे दुसरं काम नाही.

येत्या २८ फेब्रुवारीला पुन्हा जाणार आहे. टेबलावर विकतचा ज्वालामुखी नको. वावरातलं एक ढेकूळ आणि पोरीचा स्वतःचा एक प्रश्न असला तरी पुरे.