तापमान न लिहिता मृत्यूची वेळ लिहू नका

ज्या कागदावर ‘मृत्यू अंदाजे दोन-तीन दिवसांपूर्वी’ असे लिहिलेले असते आणि मृतदेह सापडला त्या जागेचे तापमान कुठेच नसते, तो कागद माझ्या लेखी रद्दी आहे. किळस येते म्हणून अळ्या पाण्याने धुऊन टाकणे, हा तर सरळसरळ पुरावा नष्ट करण्याचा प्रकार.

देह कुजू लागला की अंगाच्या थंडपणावरून किंवा ताठरपणावरून वेळ सांगता येत नाही. मग साक्षीला उरते ती माशी. आपल्याकडची क्रायसोमिया मेगासेफाला ही चकचकीत हिरवट-निळी माशी उघड्यावरच्या मृतदेहावर लवकरच अंडी घालते. अळी दोनदा कात टाकते, मग कोषात जाते. या वाढीचा वेग ठरवते ती ऊब. साधारण 10 अंशांखाली वाढ थांबते असे धरा. मग 20 अंशांत अळीच्या खात्यावर तासाला 10 अंश जमा होतात, 30 अंशांत 20. म्हणजे 30 अंशांत दोन दिवसांत जेवढी वाढ होते, तेवढ्यालाच 20 अंशांत चार दिवस लागतात. या दोन दिवसांच्या चुकीपायी निरपराध माणूस आत जाऊ शकतो आणि खुनी मोकळा सुटू शकतो.

कल्याणजवळच्या एकट्या मोहन्यात किती हवामाने आहेत ते पाहा. मे महिन्यातली पत्र्याच्या शेडमधली दुपार वेगळी, झाडाखालची वेगळी, उल्हास नदीच्या जलपर्णीतली वेगळी. बुडालेल्या देहापर्यंत ही माशी पोचतच नाही. तो वर आल्यावरच तिचा हिशेब सुरू होतो. जुलैच्या संततधारेत अंडी घालणे लांबते. अळ्यांचा घोळका स्वतःच उष्णता निर्माण करतो, तर शवागाराच्या थंडीत वाढ मंदावते. असे असताना मुंबईतल्या कुलाबा किंवा सांताक्रूझ वेधशाळेचा आकडा उचलून तसाच मोहन्यातल्या प्रेताला लावणे हा शुद्ध आळस आहे.

1935 साली स्कॉटलंडमध्ये मोफॅटजवळच्या ओढ्यात दोन स्त्रियांच्या देहांचे तुकडे सापडले. ग्लासगोच्या अलेक्झांडर मर्न्स यांनी अळ्यांचे वय 12 ते 14 दिवस ठरवले. इतर पुराव्यांना ही जोड मिळाली आणि त्यांचा खुनी डॉ. बक रक्स्टन 1936 मध्ये फासावर गेला. हा रक्स्टन मूळचा मुंबईचा. नव्वद वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये जमले, ते आज कल्याणात का जमू नये?

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असे तिचे कलम 176 सांगते. पण बेवारस मृतदेहाची पहिली नोंद होते ती अकस्मात मृत्यू म्हणून. गुन्हा दाखल होईपर्यंत अळ्या गेलेल्या असतात.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक कुजलेल्या देहाच्या पंचनाम्यात हवेचे, जमिनीचे किंवा पाण्याचे आणि अळ्यांच्या घोळक्याचे तापमान वेळेसह लिहा. काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवा, काही जिवंत वाढवा. देह शवागारात किती तास होता, हेही नोंदवा. त्याच जागी पुढचे काही दिवस तापमान मोजा आणि वेधशाळेच्या आकड्यांशी ताडून पाहा. याला लागतो एक थर्मामीटर आणि दोन बाटल्या. एवढेही जे करत नाहीत, त्यांना मृत्यूची वेळ लिहिण्याचा अधिकार नाही.