विक्री झाली नाही तरी पैसे जातातच

ऑनलाइन दुकान काढलंय असं सांगत कुणी माझ्याकडे हिशेब लिहायला आलं, की विक्रीचा आकडा मी नंतर विचारतो. आधी विचारतो, एकही ऑर्डर आली नाही त्या महिन्यात खात्यातून किती गेले? बहुतेकांना सांगता येत नाही. आमच्या सांगलीतले हळद-बेदाण्याचे व्यापारी पैशापैशाचा हिशेब तोंडपाठ ठेवतात. त्यांचीच मुलं मात्र ‘ते ऑटो-डेबिट आहे, जातं आपोआप’ म्हणून मोकळी होतात.

भाजणी, मेतकूट आणि दिवाळीचा फराळ विकणाऱ्या एका ताईंचं स्टेटमेंट परवा समोर होतं. वेबसाइटचे महिना दीड हजार, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 270. व्हॉट्सॲपवर ऑर्डरचे मेसेज धाडणाऱ्या ॲपचे 999, वर पुन्हा जीएसटी. ग्राहकांचे अभिप्राय दाखवणारं ॲप डॉलरमध्ये, त्यामुळे बँकेचा परकीय चलनाचा आकार निराळा. ‘चौदा दिवस फुकट’ म्हणून घेतलेलं, नंतर कधी उघडलंही नाही, असं फोटो उजळवणारं आणखी एक. सगळं मिळून 3,600 रुपये. ताईंचा माल महाराष्ट्राबाहेर जात नाही, उलाढालही बेताची, म्हणून जीएसटी नोंदणी नाही. साहजिकच भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट नाही. तो सगळा अंगावर.

दिवाळीच्या महिन्यात दीडशे ऑर्डरी येतात, तेव्हा हा खर्च ऑर्डरमागे 24 रुपये पडतो आणि जाणवतही नाही. आषाढात वीस ऑर्डरी आल्या, की तोच 180 वर जातो. अर्धा किलो भाजणीत सुटतात साठ-सत्तर रुपये. म्हणजे पावसाळ्यात प्रत्येक पाकिटामागे ताई पदरचे शंभरेक रुपये घालतात, आणि वर पॅकिंगही स्वतःच करतात!

कमिशनच्या नावाने लोक बोटं मोडतात. माझं मत उलटं आहे. कमिशन विक्री झाली तरच कापलं जातं. वर्गणी विक्रीकडे बघतसुद्धा नाही. गाळ्याच्या भाड्यासारखीच ती, फक्त मालकाला ‘या महिन्यात जरा थांबा’ म्हणता येतं, सर्व्हरला नाही. एट्सीवर तर वस्तू खपो न खपो, चार महिन्यांनी यादीतली नोंद ताजी करायला 20 सेंट पडतात. वर्षाचे पैसे एकदम भरले तर स्वस्त पडतं, हे खरं. पण ज्यांचा धंदा हंगामी आहे त्यांनी पहिल्या वर्षी तरी महिन्याचाच प्लॅन घ्यावा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

15 हजारांपर्यंतच्या अशा कपातीला सहसा दर वेळी ओटीपी लागत नाही, पण किमान 24 तास आधी कळवलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज कर्जाच्या जाहिरातींत बुडून जातो. म्हणून यूपीआय ॲपमधलं ऑटोपे आणि बँकेच्या साइटवरची कार्डाची मंजुरीयादी, दोन्ही महिन्यातून एकदा उघडा. नुसतं ऑटोपे रद्द करून भागत नाही. प्लॅटफॉर्मवरचा प्लॅन बंद केला नाही तर बिल चढतच राहतं.

आणि बंद करायचं बटण सापडतच नसेल तर? घेताना एक बटण, सोडताना सात पानं आणि ‘आमच्या प्रतिनिधीशी बोला’. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये जे 13 ‘डार्क पॅटर्न’ निषिद्ध ठरवले, त्यांत वर्गणीचा सापळा आहेच. ‘तुम्ही व्यापारी, ग्राहक नव्हे’ असं कंपनीने सुनावलं तर गप्प बसू नका. केवळ पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा माणूस 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकच ठरतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. फोन करण्याआधी प्लॅन रद्द करायचा प्रयत्न केल्याचे स्क्रीनशॉट तेवढे काढून ठेवा.